मदत हवी आहे: गर्भाशयमुखाचा कर्करोग, गर्भाशय राखण्याची शस्त्रक्रिया आणि एमआरआयचा अपुरा रिपोर्ट (पुणे)

सर्वांना नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीला, वय ३१, गर्भाशयमुखाचा कर्करोग असल्याचे बायोप्सीत निष्पन्न झाले आहे. तिला मूल नाही, आणि ते व्हावे ही तिची मनापासून इच्छा आहे. आमच्या ऑन्कोसर्जननी रॅडिकल ट्रॅकेलेक्टॉमीचा, म्हणजे गर्भाशयमुख व त्याच्या लगतचा भाग काढून वरचे गर्भाशय शाबूत ठेवण्याचा, पर्याय सुचवला आहे. त्यासाठी गाठ साधारण २ सेंटिमीटरच्या आत हवी, लिम्फ नोडपर्यंत, म्हणजे लसिका ग्रंथींपर्यंत, आजार पोहोचलेला नसावा, आणि गाठीचे वरचे टोक व गर्भाशयमुखाचे आतले तोंड, म्हणजे इंटर्नल ऑस, यांच्यामध्ये सुमारे १ सेंटिमीटर निरोगी भाग उरायला हवा.

अडचण या शेवटच्या मुद्द्यावर आहे. येथील एका सेंटरमधल्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये गाठ १.७ सेंटिमीटर, पॅरामेट्रियम (गर्भाशयमुखाच्या बाजूच्या ऊती) मोकळे, लिम्फ नोड वाढलेले नाहीत, एवढेच लिहिले आहे. गर्भाशय राहणार की जाणार हे ज्या अंतरावर ठरायचे, त्याचा उल्लेखही नाही. विचारल्यावर ‘सर्जन फिल्म पाहून ठरवतील’ असे सांगण्यात आले. सर्जनांचे म्हणणे असे की हे मोजमाप अनुभवी रेडिओलॉजिस्टकडून लेखी यावे, आणि मला ते पटते. २०१८ पासून फिगोच्या, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, पद्धतीत या कर्करोगाची स्टेज ठरवताना एमआरआयचे निष्कर्षही ग्राह्य धरले जातात, मग रिपोर्ट इतका त्रोटक कसा चालेल?

सीडीवर टी-टू या प्रकारच्या एमआरआय प्रतिमांचे उभे छेद आहेत, पण गर्भाशयमुखाच्या अक्षाला काटकोनात घ्यायचे तिरके छेद आणि डिफ्यूजनच्या (ऊतींमधील पाण्याच्या हालचालीवरून गाठ दाखवणाऱ्या) प्रतिमा नाहीत. शिवाय स्कॅन बायोप्सीनंतर लगेच झाल्यामुळे तिथली सूज व रक्तस्राव गाठीत मोजले गेले असतील, ही शंका मनातून जात नाही.

इंटर्नल ऑसपासूनचे अंतर उभ्या छेदांवरच मोजतात असे कळले. मग हीच सीडी दुसऱ्या रेडिओलॉजिस्टकडून वाचून घेणे पुरेसे होईल, की एमआरआय नव्यानेच करावा? नव्याने करायचा झाल्यास बायोप्सीनंतर किती थांबावे? लिम्फ नोड आकाराने लहान असूनही त्यांत आजार असू शकतो, म्हणून शस्त्रक्रियेआधी पेट-सीटी (शरीरात आजार कुठे सक्रिय आहे ते दाखवणारा स्कॅन) करून घेतलेल्या कुणाचा अनुभव असल्यास तोही सांगावा. पुण्यात स्त्रियांच्या कर्करोगांचे एमआरआय नेहमी वाचणारे रेडिओलॉजिस्ट कुणाला माहीत असतील, तर कृपया कळवावे. मुंबईला टाटा रुग्णालयात जाऊन दुसरे मत घेण्याचीही आमची तयारी आहे.

घरातली वडीलधारी मंडळी ‘पिशवी काढून मोकळे व्हा’ म्हणतात. त्यामागची काळजी मला समजते, पण आधी हे अंतर नीट मोजले जावे, एवढाच माझा आग्रह आहे. अंतर कमी निघाले तर गर्भाशय काढण्यास बहीण स्वतः तयार आहे. सर्जनांची पुढची भेट याच आठवड्यात आहे, त्यामुळे उत्तर लवकर मिळाल्यास फार मदत होईल.