भातसाकाठची पोयट्याची जमीन खाणीला द्यायची का?

भातसाकाठ (ठाणे):
खडवलीच्या बाजूला नदीला लागून आमची आणि शेजाऱ्यांची मिळून सलग जमीन आहे, एक कंत्राटदार ती माती-रेती काढायला भाड्याने मागतोय, वीस फूट खोल खड्डा, पाच वर्षांचा करार, अर्धं गाव सहीला तयार आहे. माझा विरोध आहे. पावसाळ्यानंतर नदीने कापलेला काठ बघा, थर सरळ डोळ्यांना दिसतात, वर तीन-चार फूट पोयटा (नदीने आणून टाकलेली मऊ गाळाची माती), खाली चिकण माती, मग बारीक रेती, मग गोटे, मुरूम आणि शेवटी काळा कातळ. पोयटा ओल धरतो म्हणून तर भात कापल्यावर पाणी न देता वाल येतो, डिसेंबरात रोपाशी बोट खुपसलं तरी आतली माती गार लागते. खालच्या रेतीतून पाणी फिरतं, पावसाळ्यात नदीकडून विहिरीकडे आणि उन्हाळ्यात उलटं. मधलं चिकणीचं झाकण फोडलं की खड्डा, विहीर, नदी सगळ्यांचं पाणी एक होणार, आणि खड्ड्यात पुढे काय काय टाकलं जातं ते आपण आजूबाजूला बघतोच आहोत. मुंबई-ठाण्याचं पिण्याचं पाणी याच नदीतून पिसे बंधाऱ्यावर उचलतात हेही लक्षात घ्या.

घणसोली_सिव्हिल:
काळजी समजते, पण नवी मुंबईचा बराच भाग भरावावर उभा आहे हो. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, तेव्हा कुठे जागा तयार झाली. घरं आणि रस्ते सगळ्यांना पाहिजेत तर माती कुठून तरी येणारच ना, डोंगर फोडण्यापेक्षा नदीकाठ परवडला कारण पुराबरोबर गाळ येऊन खड्डा आपोआप भरतो. काठाला ५० मीटर पट्टा सोडायचा, बाजू उतरत्या ठेवायच्या, विषय संपला. आणि रस्त्याचं काम असेल तर मातीला पर्यावरण परवानगीपण लागत नाही.

भातसाकाठ:
परवानगीचं आधी सांगतो. २८ मार्च २०२० च्या अधिसूचनेत रेषीय प्रकल्पांच्या (म्हणजे रस्ते, रेल्वे, पाइपलाइन अशा) मातीला सरसकट सूट दिली होती, ती सुप्रीम कोर्टाने २१ मार्च २०२४ ला रद्द केली, त्यामुळे लागतच नाही असं छातीठोक सांगू नका, लोक त्यावर विश्वास ठेवून सही करतात. आता गाळाचं. वरचा बराचसा गाळ भातसा धरणात अडकतो, मग वीस फूट खड्डा भरायला येणार कुठून? आणि पूर जे आणून टाकतो ते आधी जाड रेती, मग बारीक, पोयटा सगळ्यात शेवटी संथ पाण्यात बसतो. म्हणजे खड्डा भरला तरी ती जमीन परत येत नाही. ५० मीटरचा पट्टा कशाचा आहे तेही बघा, खाली रेती असेल तर धरणाचे दरवाजे उघडल्यावर तो पट्टा आतून पोखरला जातो, नदी थेट खड्ड्यात शिरते आणि मग वरच्या बाजूचा तळ खोल होत मागे मागे सरकतो, काठ ढासळतात, पुलाचे पाये उघडे पडतात. ज्याने जमीन दिलीच नाही त्याचंही शेत जातं, माझा खरा राग याच गोष्टीचा आहे.

नदीकाठचा_शेतकरी:
दादा, तुम्ही ठाण्याला राहता, तुमचं बरोबर असेल. पण भाताला मजुरी धरली तर हातात काय राहतं ते एकदा येऊन बघा. माझी दोन्ही पोरं भिवंडीला गोडाऊनमध्ये कामाला जातात, शेतात उतरायला कोणी नाही. जमीन माझी, सातबारा माझा, एकरकमी पैसे मिळतायत, नंतर खड्ड्यात मासे सोडीन. पोयटा पोयटा करून पोट भरत नाही.

भातसाकाठ:
काका, तुमची अडचण खरी आहे, त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण एकरकमी घेण्याआधी एवढा हिशेब करा. एक एकर दहा फूट खणलं तर ४३५६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माल निघतो, वीस फुटाला त्याच्या दुप्पट. तुमची रक्कम भागिले ब्रास करा, मग बाहेर रेती आणि भट्टीची माती काय भावाने जाते ते विचारा. आणि पावसाळ्यात पुराचं पाणी खड्ड्यावरून गेलं की मासे नदीत जाणार.

माती_परीक्षक (कळवा):
मी माती तपासायचंच काम करते म्हणून बोलते. दोन्हीकडून अंदाजाने चाललंय. गावभर थर सारखे नसतात, नदीचं जुनं पात्र जिथून गेलं तिथे चिकण माती मिळणारच नाही, डायरेक्ट रेती लागेल. साधी परीक्षा घरी करा, ओली माती अंगठा आणि बोटात दाबून पट्टी काढा, चिकण असेल तर लांब पट्टी निघते, पोयटा गुळगुळीत लागतो पण पट्टी लगेच तुटते, रेती खरखरते. बाटलीत माती-पाणी हलवून ठेवलं तर रेती मिनिटाभरात बसते, पोयट्याला काही तास, चिकणीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसतं. पण खाणीचा निर्णय यावर घ्यायचा नसतो, त्यासाठी हाताच्या गिरमिटाने ठिकठिकाणी भोकं घ्यायची, प्रत्येक थराची खोली लिहायची, आणि विहिरींची पातळी मे आणि सप्टेंबर दोन्ही वेळा मोजायची. घणसोलीवाल्यांना एकच, भरावाला चिकण माती सहसा कोणी घेत नाही, ती फुगते, भेगाळते. म्हणजे तुमच्या रस्त्याला इथला चिकणीचा थर चालणार नाही, खरा डोळा रेतीवर आणि वीटभट्टीच्या मातीवर आहे.

घणसोली_सिव्हिल:
चिकणीचं मान्य, आम्हीही ती काढून टाकतो. पण वरचा थर वेगळा साठवून काम झाल्यावर परत पसरता येतो, तशी अट घाला की करारात.

माती_परीक्षक (कळवा):
घाला, पण नीट लिहून घाला. पोयटा आणि चिकणीचे ढीग वेगळे, उंची कमी, वर काहीतरी पेरलेलं, नाहीतर दोन पावसात सगळं वाहून जातं. उंच ढिगात आतली माती हवेविना मरते. आणि पसरायचं तर खाली काहीतरी भरलेलं पाहिजे ना, वीस फूट भरणार कोण आणि कशाने? राडारोड्याने भरून वर पोयटा टाकला तर भाताला पाणी उभं राहणार नाही, सगळं खाली झिरपेल.

नदीकाठचा_शेतकरी:
ताई, ते गिरमिटाचं काम किती खर्चाचं आहे ते सांगा आणि कधी येता तेही. विहिरीच्या बाजूने आधी घ्या. सही करायची की नाही ते माझं मी ठरवीन, पण तोवर कंत्राटदाराला थांब म्हणून सांगतो.