गॅसबत्तीवरून साल काढू नका, धुराडी बघा
इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराच्या पार्क भागातला फोटो गॅसबत्ती आणि दगडी रस्त्यावरून १९३० च्या दशकातला ठरवलाय, ते पटत नाही. या दोन्ही गोष्टी तिथल्या गल्ल्यांत दुसऱ्या महायुद्धानंतरही बरीच वर्षं होत्या. धुराड्यांकडे बघा: डावीकडून तिसऱ्यावर 'एच' आकाराचा टीव्हीचा उभा अँटेना आहे. उत्तर इंग्लंडला बीबीसीचं चित्र देणारं होम मॉस केंद्र ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरू झालं. त्याआधी बर्मिंगहॅमकडचं प्रक्षेपण पकडणारी घरं तुरळकच, म्हणून फोटो बहुधा त्यानंतरचा. त्याच काठीवर आखूड, जास्त दांड्यांचा दुसरा अँटेना दिसला तर फोटो आयटीव्ही ही बीबीसीनंतरची खासगी वाहिनी तिथे आल्यानंतरचा, म्हणजे १९५६ किंवा पुढचा. अँटेना नसणं मात्र काहीच सिद्ध करत नाही. गरीब वस्तीत टीव्ही उशिराच आले.

वरची मर्यादा, म्हणजे फोटो उशिरात उशिरा कधीचा असेल ते, ट्रामच्या तारांवरून काढा. जुनी ट्राम ऑक्टोबर १९६० मध्ये बंद झाली; तारा ताणलेल्या असतील तर फोटो साधारण त्याआधीचा. नुसत्या खांबावर विसंबू नका, तारा काढल्यावरही काही खांब दिव्यांसाठी ठेवले जात. गल्लीचं नाव जुळवताना आणखी एक घोळ होतो: १९६१ मध्ये पूर्ण झालेल्या पार्क हिल या तिथल्या बहुमजली वसाहतीच्या सज्जांना पाडलेल्या गल्ल्यांचीच नावं दिली आहेत.