सॉल्ट अँड पेपर हिरा घ्यावा का?

साखरपुड्याच्या अंगठीसाठी सॉल्ट अँड पेपर हिरा पाहून राहिली, पण नागपूरच्या इतवारीत आई म्हणे हा तं डागी माल, काहून घेते?

— डाग नाही ताई, आतमधले काळे-पांढरे कण असतात, त्यानंच राखाडी दिसते अन दोन खडे कधी सारखे नसतात. क्लॅरिटी ग्रेडच्या (हिरा आतून किती स्वच्छ, त्याचा दर्जा) मागं लागू नका, 10 पटीच्या भिंगातून पाहा, चीर वरपर्यंत आली असन तं सोडा. मोस स्केलवर (कडकपणाचं माप) हिरा 10, म्हणजे दुसऱ्या हिऱ्याशिवाय ओरखडा पडत नाही, पण ठोकर लागली तं टवका उडतेच बापा!

— रोज घालणार तं बेझल सेटिंग (खड्याभोवती धातूची पट्टी) करा, खड्याची कडा झाकून राहते. अन उन्हात पाहा, दुकानातल्या लाइटखाली सगळंच चमकते.

— उन्हात पाहिला. आई म्हणे खसखस सांडल्यासारखा दिसते 😄 पण हातातून सोडत नव्हती.