कोअरचे विषय ऑनर्स सेक्शनमध्येच घ्यावेत, विशेषतः सायन्सच्या मुलांनी

सदाफुली

टेक्सासमध्ये ओरिएंटेशनचे दिवस आले की आपल्या घरोघरी एकच सल्ला ऐकू येतो: मेजरचे (मुख्य शाखेचे) विषय मन लावून कर, कोअरचे, म्हणजे सगळ्यांना सक्तीचे असलेले, सोप्यात सोप्या सेक्शनला (तुकडीला) उरकून टाक. ऑनर्स कॉलेजात, म्हणजे विद्यापीठातल्या निवडक मुलांच्या खास कार्यक्रमात, प्रवेश मिळवलेल्या मुलांनाही हेच सांगितलं जातं. मला हे अजिबात पटत नाही.

नवीन पालकांसाठी थोडक्यात सांगते. इथल्या सरकारी विद्यापीठांत पदवीच्या साधारण १२० क्रेडिटपैकी ४२ कोअरची असतात. त्यात अमेरिकेचा इतिहास ६, गव्हर्नमेंट (राज्यव्यवस्था) ६, लेखन-संवाद ६. बाकी गणित, विज्ञान, कला वगैरे. यातल्या काही विषयांचे ऑनर्स सेक्शन निघतात. क्रेडिट तेवढीच, पण वर्गात वीस-पंचवीस मुलं, आणि बहुपर्यायी प्रश्नांपेक्षा वाचन, निबंध, चर्चा यांवर भर.

केमिस्ट्रीच्या ऑनर्स सेक्शनमध्ये गणितं अवघड होतात, विषय तोच राहतो. गव्हर्नमेंटचं तसं नाही. तीनशे मुलांच्या हॉलमध्ये तो पाठांतराचा विषय असतो. वीस जणांत बसलं की वंशानुसार वेगळं बसवणं वैध ठरवणाऱ्या १८९६ च्या प्लेसी खटल्यात न्यायमूर्ती हार्लन यांनी एकट्याने विरोधी मत का नोंदवलं, आणि शाळांतला तो भेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राऊन खटल्यापर्यंत सर्वोच्च न्यायालय कसं पोचलं, हे मूळ निकाल वाचून मांडावं लागतं. समोरचा लगेच खोडून काढतो, मग पुन्हा मांडावं लागतं. आपल्यातल्या बहुतेकांनी अकरावीला सायन्स घेतलं आणि इतिहास-नागरिकशास्त्राची पुस्तकं दहावीलाच मिटली. आपली मुलं मात्र याच देशात मत देणार आहेत. त्यांना हे शिकायची संधी मिळत असताना आपण 'उरकून टाक' का म्हणायचं?

प्लेनोकर

ताई, तळमळ समजते, पण जीपीएचं, म्हणजे ग्रेडच्या सरासरीचं, काय? हायस्कूलमध्ये ऑनर्स वर्गाला वेटेज मिळतं, विद्यापीठात नाही. ऑनर्समधला ए तोही ४.०, साध्या वर्गातला ए तोही ४.०. टेक्सास ए अँड एममध्ये इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलांना पहिल्या वर्षी शाखाच मिळालेली नसते. कॉम्प्युटर मिळणार की दुसरं काही, हे ठरवताना पहिल्या वर्षाच्या जीपीएला फार मोठं वजन असतं, आणि त्या जीपीएत इतिहासाचा बीसुद्धा मोजला जातो. हार्लन वाचताना शाखा हातची गेली तर त्या मुलाला काय सांगायचं?

शिवाय एपीत (हायस्कूलमध्ये देता येणाऱ्या कॉलेज-पातळीच्या परीक्षेत) ३ किंवा जास्त गुण असतील तर बऱ्याच विषयांचं क्रेडिट मिळतं. उरलेलं उन्हाळ्यात कॉलिन या इथल्या कम्युनिटी कॉलेजात करता येतं. कोअर पूर्ण करून गेलं की राज्यातल्या दुसऱ्या सरकारी विद्यापीठाला ते आख्खं मान्य करावं लागतं. यात पैसेही वाचतात आणि एक सत्रही.

निंबोणी

प्लेनोकरांशी सहमत, आणि प्री-मेडवाल्यांनी (पुढे मेडिकलला जाणाऱ्यांनी) तर जास्तच सांभाळावं. अर्जात विज्ञानाचा जीपीए वेगळा आणि एकूण जीपीए वेगळा दिसतो. एकूणमध्ये प्रत्येक विषय येतो. टीएमडीएसएएस, म्हणजे टेक्सासमधल्या मेडिकल कॉलेजांची अर्जव्यवस्था, प्लस-मायनस धरत नाही, म्हणजे ए-मायनसचं नुकसान नाही. पण तसंच बी-प्लसचा फायदाही नाही, तो सरळ बी. ऑनर्स सेक्शनमध्ये नेमका बी-प्लस मिळायची शक्यता जास्त.

सदाफुली

निंबोणी, शक्यता जास्त असं कशावरून? लहान वर्गात मसुदा दाखवता येतो, सुधारून परत देता येतो. मोठ्या हॉलमध्ये दोन बहुपर्यायी परीक्षांवर सगळी ग्रेड उभी असते, एखादी बिघडली की भरून काढायला जागा नाही. ऑनर्स म्हणजे कमी गुण हे आपण गृहीत धरून बसलोय. आणि प्री-मेडच्या मुलाला पुढे जन्मभर घाबरलेल्या माणसांशी बोलायचंय, त्यांचं ऐकून घ्यायचंय. त्याचा सराव ऑरगॅनिक केमिस्ट्रीत होत नाही.

वाटसरू

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. ग्रेडचं गणित बाजूला ठेवू.

ऑनर्सची कल्पना अमेरिकेत रुजली ती स्वार्थमोर कॉलेजमुळे. फ्रँक आयडलॉट ऑक्सफर्डला शिकून आले होते. त्यांनी १९२२ मध्ये तिथे हा कार्यक्रम सुरू केला. तो होता शेवटच्या दोन वर्षांसाठी: निवडलेल्या विषयात खोल जायचं, छोटे सेमिनार, आणि परीक्षा घ्यायला बाहेरचे परीक्षक. जनरल एज्युकेशनची, म्हणजे कोअरमागची, कल्पना याच्या बरोबर उलट. हार्वर्डच्या समितीने १९४५ मध्ये जो अहवाल दिला त्याचं शीर्षकच 'मुक्त समाजातलं सामान्य शिक्षण' असं होतं, आणि सगळ्या नागरिकांकडे विचारांचा काही समाईक पाया हवा, हे त्याचं सूत्र होतं.

आता बघा. इंजिनिअर, नर्स, शिक्षक, बँकवाले होणारे सगळे एकत्र बसतील असे पदवीत मोजकेच वर्ग असतात. त्यातूनच आपण हुशार समजली जाणारी मुलं उचलून वेगळ्या खोलीत बसवतो. सदाफुली, तुम्ही नागरिकत्वाचं बोलता, आणि मुलांना बाकीच्या नागरिकांपासून दूर बसवता. गव्हर्नमेंटच्या वर्गात एखादी दिवसभर काम करून आलेली तीस वर्षांची आई असेल, सैन्यातून परतलेला तरुण असेल. मतदार ओळखपत्राच्या कायद्यावर त्यांचं मत ऐकणं हे वीस सारख्याच घरांतून आलेल्या मुलांच्या चर्चेपेक्षा मोलाचं नाही का?

मोठा हॉल वाईट, हे मला मान्य. पण मग सगळ्यांसाठी लहान वर्ग मागा.

सदाफुली

वाटसरू, इतका वेळ विचार करायला लावणारं उत्तर दुसरं आलं नाही. तरी सांगते, तीनशेच्या हॉलमध्ये ती आई आणि तो तरुण बोलतात कुठे? सगळे स्लाइड उतरवून घेतात आणि निघून जातात. एका छताखाली बसणं म्हणजे एकमेकांचं ऐकणं नव्हे. सगळ्यांना लहान वर्ग मिळावेत, ही मागणी मीही करेन. ते होईपर्यंत माझ्या मुलीने आहे ती जागा सोडावी, हे मात्र मान्य नाही.

तिसरं_सेमिस्टर

मी सध्या विद्यार्थिनी आहे, बायोलॉजी. काका-काकूंना काही प्रत्यक्षातल्या गोष्टी सांगते.

सेक्शन बघू नका, आधी शिकवणारं कोण ते बघा. मागच्या सत्राचा सिलॅबस शोधून दर आठवड्याला किती पानं वाचायची ते मोजा. लॅबचे दोन विषय असलेल्या सत्रात निबंधांचा ऑनर्स विषय घेऊ नका, झोप जाते. टेक्सासमध्ये पूर्ण पदवीत सहाच कोर्स ड्रॉप करता येतात. पण नेहमीच्या सत्रात बाराव्या क्लास-डेच्या (वर्ग भरण्याच्या दिवसाच्या) आत सोडलेला कोर्स त्यात धरत नाहीत. साध्या सेक्शनला जायची मुदत त्याहून आधी संपते, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात ठरवा.

आणि एपी यूएस गव्हर्नमेंटचे गुण असले तरी त्यात टेक्सासची राज्यघटना येत नाही. तो भाग बहुतेकांचा उरतोच. मी तो ऑनर्समध्ये घेतला. नगरपालिकेच्या बैठकीला जाऊन अहवाल लिहायचा होता, पाणीपुरवठ्याच्या दरावरून तिथे दोन तास भांडण चाललं होतं. कोअरमधला तेवढाच विषय मला आज नीट आठवतो.

ऑनर्सच्या या वर्गांतून शिफारसपत्राची आशा मात्र फार ठेवू नका. बऱ्याच मेडिकल कॉलेजांना विज्ञानाच्या प्राध्यापकांची पत्रं लागतात.

प्लेनोकर

पोरीने बरोबर सांगितलंय. तरी मी माझ्या मुलाला शाखा हातात पडेपर्यंत साधाच सेक्शन घ्यायला सांगणार. दुसऱ्या वर्षी हवा तेवढा इतिहास ऑनर्समध्ये करू दे.

सदाफुली

दुसऱ्या वर्षापर्यंत कोअरमधलं काही शिल्लक राहायला हवं ना. एपी आणि कॉलिन धरून तुम्हीच हिशेब मांडलात, त्यात इतिहास पहिल्याच उन्हाळ्यात संपतो. निदान एक विषय तरी मागे ठेवा.