दोन टोकांच्या स्वभावाची मुलं, घट्ट मैत्री… मध्ये पडू का?

बडोदेकर_आई: आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. मुलगा ९ वर्षांचा, एकदम शांत, वहीत किडे-मुंग्यांची चित्रं काढत तासन् तास बसेल. आणि जिवलग मित्र कोण तर खालच्या मजल्यावरचा गुजराती मुलगा, एक मिनिट एका जागी ठरत नाही, सारखं क्रिकेट नाहीतर सायकल आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. रोज संध्याकाळी दोघं एकत्रच. मला बरं वाटतं पण बघावं तेव्हा माझा फिल्डिंग करतोय आणि तो बॅटिंग, नुसता मागे मागे तर फिरत नाही ना? सासूबाई म्हणतात याच्यासारखाच एखादा शांत मुलगा बघ. काय करू?

बालवाडीताई: अहो शांत मुलगा शोधून आणलात तरी मैत्री होईलच असं नाही. दोस्त मुलं स्वतःच निवडतात. रॉबर्ट सेल्मन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या मैत्रीच्या पायऱ्या मांडल्यात, त्यात साधारण ७ ते १२ या वयात "तू माझं ऐक, मी तुझं ऐकतो" असा देण्याघेण्याचा हिशेब असतो, म्हणून भांडणंही पटकन होतात आणि मिटतातही. तुमच्याकडे देणं-घेणं दोन्ही बाजूंनी आहे का तेवढं बघा.

मांजलपूरवाला: ताईंचं पटलं, पण बघायचं म्हणजे काय ते सांगतो, कारण लहानपणी मी तो शांत मुलगा होतो. खेळून आल्यावर तो कसा असतो? भूक लागलीय म्हणून ओरडत येतो की गप्प येऊन कोपऱ्यात बसतो? "आज नको" म्हणू शकतो का, आणि म्हटलं तर दुसऱ्या दिवशी मित्र बोलवायला येतो का? येत असेल तर निर्धास्त राहा. नेहमी हाच रडवेला येत असेल तर मात्र मुलं आहेत म्हणून सोडून देऊ नका, त्या मुलाच्या आईशी बोला.

माझं आणि माझ्या मित्राचं उत्तरायणाला जमायचं. त्याला पतंग उडवायची घाई, किन्ना (मांजा जोडायला पतंगाला भोकं पाडून बांधतात तो दोरा) बांधायचा धीर अजिबात नाही. मी गच्चीच्या कठड्याला टेकून भोकं पाडायचो, दोन्ही दोरे बोटावर तोलून बघायचो, पतंग एका बाजूला झुकला की गाठ सोडून परत बांधायचो आणि तो शेजारी "चल ना, चल ना" करत नाचायचा. पण दुसऱ्या कोणाकडून बांधून घ्यायचा नाही.

रावपुरा_आजी: दोघांना कमाटीबागेत न्या. म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा भलामोठा सांगाडा आहे, तुमचा चित्र काढेल, दुसरा दहा प्रश्न विचारेल. मग बाहेर गवतावर सोडून द्या. आणि सासूबाईंना पण घेऊन जा!

बडोदेकर_आई: मांजलपूरवाला, तुमचं वाचून आठवलं, परवा माझा "आज मी येत नाही" म्हणाला तर तो पोरगा बॅट टाकून वर आला आणि हा मुंगीचे पाय काढत होता ते बघत बसला, मध्येच म्हणाला सहाच का रे? रविवारी दोघांना म्युझियमला नेते, त्याच्या आईला आत्ताच विचारलं.