द्युती चंदने बोलायला हवं होतं का?

शर्वरी_पी
मे २०१९ मध्ये धावपटू द्युती चंदने जाहीर केलं की तिचं एका मुलीवर प्रेम आहे. ओडिशातल्या विणकराची पोर, नऊ महिन्यांपूर्वीच जाकार्ता एशियाडमधून १०० आणि २०० मीटरची दोन रौप्यं घेऊन आलेली. घरचेच उलटले. परवा कुणीतरी म्हणालं, "पळायचं सोडून हे सांगायची गरज काय?" मला वाटतं, होती.

बाळूनाना
नव्हती. घड्याळ सेकंद मोजतं. कोण कुणावर प्रेम करतं ते आपापल्या घरात ठेवावं.

केतकी७
नाना, क्रिकेटपटूंच्या लग्नाचे फोटो आठवडाभर बघता तेव्हा ते घरात ठेवलेलं असतं का? आणि घरातूनच ब्लॅकमेल होतंय, म्हणून बोलावं लागलं, असं तिनेच सांगितलं होतं.

रनिंग_शूज
पण तिच्या टेस्टोस्टेरॉनचा वाद होताच ना? इतर मुलींवर अन्याय नाही का?

शर्वरी_पी
दोन गोष्टींची खिचडी करू नका. तो वाद २०१४चा, शरीरातल्या हार्मोनचा: बाईच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तिला महिलांच्या शर्यतीत पळता येणार नाही, असा नियम होता. त्यावरून तिला ग्लासगोच्या राष्ट्रकुल संघातून वगळलं. ती क्रीडा लवादाकडे गेली आणि जुलै २०१५ मध्ये तो नियमच स्थगित झाला. प्रेमाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. (नियम कसा असावा यावर खुशाल भांडू, पण वेगळ्या धाग्यावर.)

बाळूनाना
बरं. पण पुढे २०२३ मध्ये उत्तेजकांसाठी चार वर्षांची बंदी आली, ते सोयीस्कर विसरलात.

केतकी७
विसरलो नाही. बंदी योग्यच. पण ती उत्तेजकांची, प्रेमाची नव्हे. जाहीर केल्यावर दोनच महिन्यांत नेपल्सला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिने १०० मीटरचं सोनं जिंकलं, तेही आठवा.

चढाईपटू
मी जिल्ह्यापर्यंत कबड्डी खेळलो. मुलांच्या संघात "बायल्या" ही शिवी सरावाचाच भाग असते. पकड सुटली की सर, पोरं, सगळे तेच ओरडायचे. मी सात वर्षं त्यांच्याबरोबर हसलो. इंग्लंडचा यष्टिरक्षक स्टीव्हन डेव्हिस २०११ मध्ये समलैंगिक असल्याचं उघडपणे बोलला, ती बातमी मी वसतिगृहात पांघरुणाखाली मोबाइलवर वाचली. दुसऱ्या दिवशी सरावाला गेलो आणि पुन्हा हसलो.

बाळूनाना
तुमच्या सरांना कधी सांगितलंत?

चढाईपटू
नाही. संघात राहायचं होतं.