भा. रा. तांबे ग्वाल्हेरच्या रस्त्यावर कसे आणावेत?

प्रश्न – लष्करवासी आजोबा

नमस्कार. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातील काही मराठी कुटुंबे येत्या हिवाळ्यात राजकवी भा. रा. तांबे यांच्यावर एक सामूहिक कलाउपक्रम करू पाहत आहोत. गायन, मुलांची चित्रे आणि शहरातील जागांवर जाऊन कवितावाचन, अशी त्याची अंगे असावीत असे मनात आहे. तांब्यांचा जन्म ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीचा, शिक्षण देवासचे, पुढे अजमेरसारख्या ठिकाणी वास्तव्य झाले आणि १९४१ मध्ये त्यांनी देह ठेवला तो याच शहरात. महाराष्ट्रातल्या घराघरांत लता मंगेशकरांच्या आवाजात ज्यांची गाणी पोहोचली, त्या कवीचे जवळजवळ सारे आयुष्य नर्मदेच्या उत्तरेला गेले.

गेल्या वर्षी आम्ही एका सभागृहात कार्यक्रम केला होता. तसबिरीला हार घातला, तीन भाषणे झाली, श्रोते बहुतेक साठीच्या पुढचे होते आणि नातवंडे बाहेर ओट्यावर बसून राहिली. माझ्या नातीला ‘मधु मागशी माझ्या सख्या परी’ संपूर्ण पाठ आहे. परंतु तो कवी आपल्या गावचा, हे तिला ठाऊक नव्हते. मी सांगितले, तेव्हा तिने विचारले, “मग ते इथे राहून मराठीत का लिहायचे?” मला पटकन उत्तर देता आले नाही, आणि तो प्रश्न अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

दुसरा पेच उपक्रमाच्या नावाचा आहे. काहींना ‘परप्रांतातील मराठी कवी’ हे नाव हवे आहे, तर मला ‘ग्वाल्हेरचा कवी’ एवढेच पुरेसे वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – संगीतशिक्षिका, दौलतगंज

काका, सुरुवात पुस्तकापासूनच करावी, पण मुलांच्या हाती पुस्तक देऊन. माधव जूलियन यांनी संपादित केलेली तांब्यांची समग्र कविता १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात कवितांच्या शिरोभागी कवितेची जाती म्हणजे छंद, राग, ती लिहिल्याचे ठिकाण आणि दिनांक अशा बारीक अक्षरांतल्या नोंदी आढळतात. वाचणारे आपण सगळे त्या ओलांडून थेट पहिल्या ओळीकडे जातो. मला मात्र वाटते की आपला अर्धा उपक्रम त्या नोंदींतच दडलेला आहे. मुलांना एक मोठा कागद देऊन त्यावर मुंगावली, देवास, अजमेर, लष्कर अशी गावे काढू द्यावीत आणि ज्या गावी जी कविता लिहिली गेली तिथे तिची पहिली ओळ त्यांनी आपल्या हाताने लिहावी. आपली मुले हिंदीमुळे देवनागरी वाचतातच. अडते ते एखाद्या शब्दाच्या अर्थापाशी, आणि तेवढे सांगायला घरात आजी असते.

गाण्याविषयी एक आग्रह धरते. रेडिओवरची चाल आणि कवीने लिहिलेला राग एकच असतील, असे धरून चालू नये. गायक कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये जिथे गायनशाळा काढली, भातखंड्यांनी १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय उभे केले, त्या शहरात कविता लिहिताना राग नोंदवणाऱ्या कवीची चाल आपण ध्वनिमुद्रिकेवरूनच का उचलावी? विद्यार्थ्यांनी नोंदलेला राग घेऊन स्वतः चाल बांधावी. ती कच्ची निघाली तरी चालेल.

उत्तर २ – फूलबागेजवळ राहणारा

सभागृह पूर्णपणे टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘रे हिंदबांधवा, थांब या स्थळी’ ही कविता वाचणाऱ्याला एका जागेवर थांबायला सांगते, आणि ती जागा, म्हणजे झाशीच्या राणीची समाधी, आपल्या फूलबागेत आहे. १८५८ च्या जूनमध्ये राणी याच परिसरात लढता लढता पडल्या. पंख्याखाली खुर्च्या मांडून ही कविता वाचली, तर ‘या स्थळी’ या शब्दांना अर्थच उरत नाही.

मी रोज सकाळी तिथून चालत जातो. फुलवाले, शाळेची मुले, बाहेरगावचे प्रवासी तिथे घटकाभर थांबतात. सुभद्राकुमारी चौहान यांची याच राणीवरची हिंदी कविता त्यांतल्या बहुतेकांना शाळेपासून पाठ असते. तांब्यांची कविता मात्र, जी याच मातीवर उभी राहून बोलते, ती मराठी घरांबाहेर कोणाच्या कानावर पडलेली नसते. म्हणून दोन्ही कविता एकापाठोपाठ वाचाव्यात, आधी हिंदी आणि मग मराठी. अश्रू, पराक्रम, ज्योत हे शब्द हिंदी भाषकाला परके नाहीत, त्यामुळे भाषांतराची फारशी गरज भासणार नाही. राणीच्या स्मरणार्थ जूनमध्ये भरणाऱ्या बलिदान मेळ्याच्या गर्दीत हे हरवून जाईल. त्यापेक्षा थंडीतली सकाळ बरी. परवानगीचा अर्ज मात्र आधीच करून ठेवावा.

उत्तर ३ – इंदूरकर

नावाविषयी लिहितो. ‘परप्रांत’ हा शब्द कृपया वापरू नये. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली आणि तिचेच पुढे लष्कर झाले. म्हणजे ज्या वस्तीचे नावच मराठी फौजेच्या मुक्कामावरून पडले, तिथे राहिलेला मराठी कवी परका कसा ठरतो? पूर्वज आले होते, हे खरेच आहे, आणि ते लपवण्याचे कारण नाही. परंतु तांबे स्वतः कुठून ‘आलेले’ नव्हते. आपल्या नातीला हेच सांगता येईल की घरी जी भाषा होती त्या भाषेत त्यांनी लिहिले आणि ते घर इथे होते.

तिला दुसरेही उदाहरण द्यावे. गजानन माधव मुक्तिबोध १९१७ मध्ये ग्वाल्हेर संस्थानातल्याच श्योपूरला जन्मले. घराणे मूळचे खानदेशातले, घरची बोली मराठी. ते हिंदीत लिहून मोठे झाले आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत. एकाच घरातल्या दोन भावांनी दोन वाटा धरल्या. या दोघांना बाजूला ठेवून तांब्यांपुरता उपक्रम केला, तर तो पुन्हा आपल्याच चार घरांत फिरत राहील, अशी मला भीती वाटते. हिंदी भाषक शेजाऱ्यांना प्रेक्षक म्हणून बोलावू नका, वाचक म्हणून बोलवा.

एक व्यवहाराची बाब. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे तांब्यांच्या कविता छापायला व गायला आज मोकळ्या आहेत. लोकप्रिय गाण्यांच्या चाली व ध्वनिमुद्रणे यांचे हक्क वेगळे असतात. ती कार्यक्रमात वापरायची असल्यास आधी चौकशी करावी. ताईंनी सुचवल्याप्रमाणे चाल स्वतः बांधली, तर हा प्रश्नच येत नाही.

लष्करवासी आजोबा

तिघांचेही मनापासून आभार. समाधीवरील वाचनासाठी अर्ज लिहायला घेतला आहे आणि शेजारच्या शर्माजींना हिंदी कविता वाचण्याची विनंती केली आहे. मुक्तिबोध बंधूंचा मुद्दा मंडळापुढे ठेवणार आहे. त्यावर थोडा वाद होईल, पण मी तो लावून धरीन.

काल रात्री कपाटातून आईची जुनी प्रत काढली. पाने पिवळी पडून कडांना मोडत आहेत, म्हणून नातीला सांगितले की पान वरच्या कोपऱ्याला धरूनच उलटायचे. शिरोभागीच्या बारीक अक्षरांवरून तिने बोट फिरवले, ‘लष्कर’ या शब्दावर ते थांबले आणि तिने विचारले, “हे आपलेच लष्कर?” मी हो म्हटल्यावर ती वही घेऊन आली. आतापर्यंत तिने चौदा कवितांची ठिकाणे उतरवली आहेत.